वॅटच्या आकड्यापलीकडे पाहा

महोदय,

अ‍ॅम्प्लिफायरविषयी छापून येणाऱ्या मजकुरात वॅटचाच गाजावाजा असतो. माझ्याकडे बरीच वर्षे क्लास-ए पद्धतीचा, म्हणजे आतून सतत भरपूर वीज वाहती ठेवणारा, भारी इंटिग्रेटेड (सगळे एकाच पेटीत असलेला) अ‍ॅम्प्लिफायर आहे, म्हणून लिहावेसे वाटले. १०० ऐवजी २०० वॅटचा घेतला तरी आवाजात फरक जेमतेम ३ डेसिबलचा, म्हणजे कानाला थोडासाच. घरात ऐकताना बहुतेक वेळ एखाद-दुसरा वॅटच खर्ची पडतो. खरी कसोटी तिथेच लागते. रात्री आवाज अगदी कमी ठेवला तरी गाणारीने ओळीआधी घेतलेला श्वास वेगळा ऐकू येतो, छेडलेली तार विरत जाते ती शेवटपर्यंत. या सुखासाठी मी काहीही सोसेन!

सोसावी लागते ती उष्णता. क्लास-ए यंत्र गाणे थांबलेले असतानाही जवळपास तेवढीच वीज ओढते. माझ्या यंत्राच्या जाळीवर तासाभराने हात ठेववत नाही. ते बंद कपाटात कोंबू नये, कारण उष्णतेने आतले वीज साठवणारे भाग (कपॅसिटर) लवकर निकामी होतात. 'चोवीस तास चालूच ठेवा' हा काही शौकिनांचा सल्ला मला मुळीच पटत नाही. परीक्षणे लिहिणाऱ्यांनी वॅटच्या शेजारी गाणे थांबलेले असतानाचा हा वीजवापरही छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक श्रोता