तुझा डाग कच्चा नव्हता

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास की लेकीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला ट्रान्झिस्टर आलाय आणि ती विचारते, "बाबा, बीटा नेमका किती धरायचा?" बीटा म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बेस या पायात शिरणाऱ्या करंटच्या कितीपट करंट कलेक्टर या पायातून वाहतो तो आकडा; तिसरा पाय एमिटर. फोन ठेवला आणि मला आपल्या गॅदरिंगची संध्याकाळ आठवली. एका बीसी 547 वर आपण माइकचा प्रीअँप, म्हणजे त्याचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, बांधला होता. आठ दिवस झकास चालला. ऐन कार्यक्रमाच्या दुपारी ट्रान्झिस्टर गेला. तू सायकल दामटत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलास, नवा बीसी 547 आणलास, सोल्डरचा डाग दिलास, आणि संध्याकाळी पहिल्याच गाण्याला आवाज फाटला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "मन्याचा डाग कच्चा राहिला." तू बोटं भाजून घेत दोनदा डाग काढून पुन्हा दिलास. आवाज फाटकाच राहिला.

तेव्हा काय झालं ते मला या आठवड्यात कळलं. म्हणून हे पत्र, तुला आणि लेकीलाही.

सर्किट कॉम्प्युटरवरच चालवून बघायचं एलटीस्पाइस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. त्याचं मूळ बर्कली विद्यापीठातल्या स्पाइसमध्ये, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यातला ट्रान्झिस्टर ज्या समीकरणांवर चालतो ती गुमेल आणि पून यांनी 1970 मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली. मी सुरुवात अँप्लिफायरपासून केली नाही. नुसता एक बीसी 547, बेसला करंट सोर्स, कलेक्टरला व्होल्टेज सोर्स, बस. बेसचा करंट 1 पासून 10 मायक्रोअँपिअरपर्यंत एकेक पायरीने चढवला आणि प्रत्येक पायरीला कलेक्टरचं व्होल्टेज 0 ते 10 फिरवलं. पडद्यावर दहा रेघांचा पंखा उघडला. आपण कॉलेजात ग्राफ पेपरवर दोन तास घालवून चार रेघा काढायचो, त्याही वाकड्या!

त्या रेघा वर जाऊन अगदी आडव्या होत नाहीत, किंचित चढतच राहतात. मागे ताणल्या तर डावीकडे साधारण एकाच ठिकाणी मिळतात. ते अर्ली व्होल्टेज. 'अर्ली' म्हणजे लवकर असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते जेम्स अर्ली यांचं आडनाव आहे, 1952 सालचं काम.

मग दुसरी चाचणी, आणि ही लेकीकडून जरूर करून घे. बेस-एमिटरचं व्होल्टेज 0.3 पासून 0.8 पर्यंत न्यायचं आणि दोन्ही करंट लॉग पट्टीवर (दर घराला दहापट) काढायचे. कलेक्टरची आणि बेसची अशा दोन सरळ रेघा जवळपास समांतर वर जातात. दर 60 मिलिव्होल्टला करंट दहापट. त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे बीटा. पुस्तकात बीटा नुसता भागाकार म्हणून येतो; इथे तो डोळ्यांना दिसतो, आणि दोन्ही टोकांना तो कसा ढासळतो तेही दिसतं. माझ्या मॉडेलने मधल्या भागात 290 च्या आसपास दाखवला.

आता खरी गोष्ट. त्या 290 वर विश्वास ठेवून मी थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. खणात पडलेले दहा बीसी 547 बी काढून मल्टिमीटरच्या खाचेत घातले. सर्वांत कमी 262, सर्वांत जास्त 318. एकाच पट्टीवरचे, एकाच दिवशी घेतलेले. शिवाय ट्रान्झिस्टर चिमटीत धरला की आकडा हळूहळू चढायला लागतो, बोटांच्या उबेने. सोडला की उतरतो. मी पाच मिनिटं नुसता तेच करत बसलो होतो, इतकं ते सुंदर आहे.

आणि हे फक्त 'बी'चं झालं. डेटाशीटमध्ये 'ए' गट 110 ते 220, 'बी' 200 ते 450, 'सी' 420 ते 800. नाव तिघांचंही बीसी 547. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही रे. सिम्युलेशनमधला ट्रान्झिस्टर हे एकच शीत आहे, अगदी नीट शिजलेलं.

आता आपलं जुनं सर्किट आठव. 12 व्होल्ट, कलेक्टरला 4.7 के (किलोओहम), आणि बेसला थेट सप्लायवरून 3.3 मेगओहमचा एकच रेझिस्टन्स. एमिटर सरळ ग्राउंडला. बेसला 3.4 मायक्रोअँपिअर जातात, ट्रान्झिस्टर कुठलाही असो. बीटा 290 असेल तर कलेक्टरमध्ये 1 मिलिअँपिअर, कलेक्टरवर सव्वासात व्होल्ट, सगळं छान. मी मॉडेलची ओळ कॉपी केली, बीटाच्या जागी व्हेरिएबल घातलं आणि 700 दिले. करंट झाला 2.4 मिलिअँपिअर, 4.7 के वरच 11.3 व्होल्ट पडले आणि कलेक्टरवर उरले जेमतेम 0.7. लाटेची खालची बाजू सुरीने कापल्यासारखी सपाट. मन्या, तो फाटका आवाज मी पडद्यावर पाहिला. दुकानदाराने तुला बहुधा 'सी' दिला होता. त्याचीही चूक नाही, आपण नुसता '547' मागितला होता. तुझा डाग पक्का होता. सर्किट मी काढलं होतं आणि ते चुकीचं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

मग नवं सर्किट काढलं. बेसला 100 के आणि 18 के ची जोडी, त्यामुळे बेस 1.8 व्होल्टच्या जवळ बसतो. एमिटरला 1 के. आता करंट बीटा ठरवत नाही, एमिटरचा रेझिस्टन्स ठरवतो: करंट वाढायला गेला की एमिटर वर उचलला जातो, बेस-एमिटरमधलं व्होल्टेज कमी होतं आणि करंट स्वतःच आवरतो. बीटा 110 दिला तर 1.03 मिलिअँपिअर, 800 दिला तर 1.16. सातपट फरकाचा कलेक्टरवर परिणाम अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडा जास्त! हे आकडे आले तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक फेरी मारून आलो.

गेनचं, म्हणजे सिग्नल कितीपट वाढतो त्याचं, मात्र तसं सरळ नाही. एमिटरचा 1 के उघडा ठेवला तर गेन जेमतेम साडेचार. त्यावर 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर 190 च्या घरात. मोह होतो. पण इनपुटला 10 मिलिव्होल्टचं शिखर दिलं की आउटपुटची लाट एका बाजूला फुगते, एका बाजूला चिमटते. दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेची भेसळ, 10 टक्क्यांच्या जवळ. मी 1 के सोबत 100 ओहम सीरिजमध्ये घातला आणि कपॅसिटर फक्त 1 के वर ठेवला. गेन 37 वर आला, पण आउटपुट तेवढंच ठेवून पाहिलं तर तो हार्मोनिक पाचव्या हिश्श्यावर उतरला. माइकसाठी मी हेच घेईन. शिवाय हा 37 बहुतेक दोन रेझिस्टन्सच्या गुणोत्तरातून येतो, ट्रान्झिस्टर बदलला तरी फारसा हलत नाही. इनपुटला 10 मायक्रोफॅरड घातला. खालची सीमा एमिटरच्या कपॅसिटरमुळे 14-15 हर्ट्झवर येते, गाण्याला पुरे.

म्हणून लेकीच्या प्रश्नाला माझं उत्तर: बीटा डेटाशीटमधला सर्वांत कमी धर, सर्किट चालतंय का बघ, मग सर्वांत जास्त धर आणि परत बघ. दोन्हींत चाललं तरच डाग द्यायला सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचा.

सर्किट मी ब्रेडबोर्डवर लावून कुरिअरने पाठवतोय. सोबत कागदाच्या तीन पुड्यांत 'ए', 'बी' आणि 'सी' असे तीन ट्रान्झिस्टर आहेत. शेजारीच त्याच बोर्डावर आपलं जुनं एका रेझिस्टन्सचंही लावलंय. मीटरचा काळा प्रोब ग्राउंडला, लाल कलेक्टरवर धरायला सांग, आणि तिन्ही ट्रान्झिस्टर दोन्हीकडे आळीपाळीने बसवू दे. आकडे वहीत लिहून त्याचा फोटो मला पाठव. आणि 'सी' जुन्या सर्किटमध्ये घालशील तेव्हा माइक जोडून एकदा तूही ऐक. आवाज ओळखशील.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
बाळू