‘जन्मतः पापी’ हे अर्धेच सांगणे झाले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे आलेल्या एका लेखात, मूळ विषय दुसराच असताना, ‘ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतः पापी मानतो आणि देहाला तुच्छ लेखतो’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले. हे वाक्य मी व्याख्यानांतून, प्रस्तावनांतून आणि आमच्याच काही ख्रिस्ती घरांतूनही आयुष्यभर ऐकत आलो आहे. लेखकाचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही पहिल्या चार शतकांतील ख्रिस्ती लेखकांनी माणसाविषयी काय लिहून ठेवले ते ज्याने थोडेफार वाचले आहे, त्याला हे वाक्य तसेच सोडून देता येत नाही, म्हणून हे पत्र.

देहाला तुच्छ लेखणारे लोक त्या काळी होते, नाही असे नाही. पण ते होते आजच्या फ्रान्समधील लियॉनचे बिशप आयरेनियस यांचे प्रतिपक्षी. ग्नॉस्टिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या पंथांपैकी अनेकांचे म्हणणे असे, की हे जड जग कुणा खालच्या, अज्ञानी शक्तीने घडवले, देह हा तुरुंग आहे आणि मुक्ती मिळायची ती फक्त आतल्या ठिणगीला. आयरेनियस यांनी इ. स. १८० च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात ते पुन्हा पुन्हा मातीकडे वळतात. देवाने आपल्या दोन हातांनी, म्हणजे पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याकरवी, माणूस मातीतून घडवला, आणि त्या मातीसकट तो देवाचे प्रतिरूप आहे, असे ते सांगतात. चौथ्या भागात ते वाचकाला म्हणतात, की तुझे हृदय मऊ ठेव, त्यातला ओलावा जाऊ देऊ नकोस, कारण तू कोरडा आणि कठीण झालास तर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे गमावून बसशील. ‘जिवंत माणूस हे देवाचे वैभव आहे’ हे त्यांचे वाक्यही याच भागातले.

हे लिहिणारा माणूस कुठल्या गावात राहत होता, तेही पाहायला हवे. इ. स. १७७ मध्ये लियॉनला ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. ब्लांडिना नावाची एक दासी त्यात हाल सोसून मेली, नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस कैदेत वारले, आणि मेलेल्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून त्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली. पोथिनस यांच्या जागी आयरेनियस आले. ज्यांच्या माणसांचा देह असा नदीत सोडला गेला, ते देहाची बाजू इतक्या पोटतिडकीने का मांडतात, हे मग समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या वसईत राखेच्या बुधवारी धर्मगुरू कपाळावर अंगठ्याने राख लावतात आणि बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातले शब्द उच्चारतात: तू माती आहेस आणि मातीला मिळशील. लहानपणी मला त्या शब्दांची भीती वाटे, आणि घरी येईपर्यंत कपाळाला हात लावायचा नाही अशी आईची सक्त ताकीद असे. आयरेनियस वाचल्यानंतर मात्र माझे लक्ष शब्दांवरून त्या अंगठ्याकडे गेले. मातीवर कुणाचे तरी बोट टेकते, ही त्यांचीच कल्पना होती.

आदाम आणि हव्वा यांच्याविषयीही आयरेनियस यांचे मत आपल्या कानावरच्या समजुतीहून वेगळे आहे. ते दोघे पूर्णत्वातून कोसळले असे न मानता, ते अजून बालक होते, असे ते मानतात. आई तान्ह्याला जेवण देऊ शकते, पण तान्हे ते घेऊ शकत नाही. तसेच देव पूर्णत्व देऊ शकत होता, पण नुकताच घडलेला माणूस ते पेलू शकत नव्हता. म्हणून माणसाने वाढत जायचे आहे. आज्ञाभंग त्यांनी नाकारलेला नाही. त्यांच्या दृष्टीने तो कोवळ्या वयातला आहे.

मग ‘जन्मतः पापी’ हा विचार आला कुठून? त्याचा पक्का बांधा झाला तो पाचव्या शतकाच्या आरंभी, आदामाचे पाप वारशाने येते हे नाकारणारा पेलाजियस आणि त्याचे अनुयायी यांच्याशी झालेल्या वादात, उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांच्या हातून. त्यांनी आधार घेतला बायबलमधील, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचा. पौलाचे ते ग्रीक वाक्य सामान्यतः ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असे वाचले जाते, आणि आपल्या मराठी बायबलमध्येही अर्थ तोच आहे; ऑगस्टीन यांच्या समोरच्या लॅटिन पाठात मात्र ते ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असे उतरले होते, आणि ‘ज्याच्यामध्ये’ म्हणजे आदामामध्ये, असे त्यांनी घेतले. एवढा मोठा सिद्धान्त एका शब्दावर उभा नाही, हे मी जाणतो. पण ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चने आदामाकडून मरण वारशाने येते असे मानले, त्याचा दोष वारशाने येतो असे मानले नाही, हेही सांगायला हवे. शिवाय ज्यांनी ‘तू आम्हाला तुझ्यासाठी घडवलेस आणि तुझ्यात विसावेपर्यंत आमचे हृदय अस्वस्थ असते’ असे लिहिले, त्या ऑगस्टीन यांच्यावर माणसाला तुच्छ लेखल्याचा आरोप मला तरी करवत नाही.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते निस्साचे ग्रेगरी, चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकियाचे बिशप. माणसाच्या घडणीवर त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि त्यात हातांविषयी एक सुंदर निरीक्षण आहे: माणसाला हात नसते तर अन्न तोंडानेच खुडावे लागले असते, ओठ गुरांसारखे जाड झाले असते आणि त्या तोंडातून शब्द उमटला नसता, वाणी माणसाला मिळाली ती हातांमुळे. देवाचे प्रतिरूप एकट्यादुकट्यात नाही, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतची सारी मनुष्यजात मिळून ते आहे, असेही ते म्हणतात.

पण ज्यासाठी मी त्यांना नमस्कार करतो ते त्यांचे बायबलमधील ‘उपदेशक’ या पुस्तकावरचे चौथे प्रवचन, इ. स. ३८० च्या सुमाराचे. ‘मी दास आणि दासी विकत घेतल्या’ या ओळीवर येताच ते थांबतात आणि समोर बसलेल्या धन्यांना थेट विचारतात: किती किंमत मोजलीस? विवेकाचा भाव काय लावलास? देवाच्या प्रतिरूपाचे किती ओबोल झाले? ओबोल म्हणजे ग्रीकांचे किरकोळ नाणे. पुढे ते म्हणतात, की सारे जग देऊनही ज्याची किंमत भरत नाही, त्याला विकणारा कोण आणि घेणारा कोण? देवसुद्धा माणसाला दास करणार नाही, कारण दिलेले स्वातंत्र्य तो परत घेत नाही. मग तू देवापेक्षा मोठा झालास काय? आणि मग ते त्या खरेदीखताकडे वळतात. तो कागद हरवला, किड्यांनी खाल्ला, पाण्याचा एक थेंब पडून अक्षरे धुऊन गेली, तर तू धनी असल्याचा पुरावा कुठे आहे? दासप्रथा ज्या समाजात श्वासाइतकी सवयीची होती, तिथे हे शब्द भर प्रवचनात उच्चारले गेले.

चर्चने ते ऐकले नाहीत, हेही मी लपवत नाही. नव्या करारातील पत्रांत दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे, ऑगस्टीन यांनी दास्य हे पापाचे फळ म्हणून सोसायला सांगितले, आणि सोळाव्या शतकात आपल्या शेजारी गोव्यात, पोर्तुगीज अमलाखाली, माणसे उघड्या बाजारात विकली जात होती. बोली लावणारे चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाणारेच होते. ग्रेगरींच्या शब्दांनी या अपराधावर पांघरूण पडत नाही. उलट ते शब्द घरातच असताना तो घडला, म्हणून तो अधिक जड होतो.

लेखकांना माझी विनंती एवढीच, की ते वाक्य पुन्हा लिहिण्याची वेळ आली तर ‘ख्रिस्ती धर्म मानतो’ याऐवजी कोणत्या काळातील कोणत्या लेखकाने मानले, ते लिहावे. जागा असल्यास ग्रेगरींच्या त्या प्रवचनातील दोन परिच्छेद मराठीत करून आपल्याकडे पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, वसई