स्कॅनरच्या आधी माणूस द्या

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतली जुनी कागदपत्रे डिजिटल करायला निधी द्या, अशी निवेदने आपल्याकडे वरचेवर येत असतील. मीही महाविद्यालयीन ग्रंथपालच आहे, पण माझे मागणे थोडे उलटे आहे. स्कॅनर सावकाश येऊ द्या. आधी अभिलेखपालाचे, म्हणजे जुनी कागदपत्रे लावून, नोंदवून सांभाळणाऱ्या माणसाचे, पद मंजूर करा.

छापील पुस्तक हरवले तर बहुधा दुसरी प्रत मिळते. अभिलेखागारातले तसे नसते. प्राचार्यांचा पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांनी काढलेली हस्तलिखित मासिके, वसतिगृहाच्या वह्या, बंद पडलेल्या वाङ्मय मंडळाचा जमाखर्च, निवृत्त प्राध्यापकांनी मागे ठेवलेली टिपणे यांतले बरेचसे जगात एकदाच अस्तित्वात आलेले असते. शिवाय यातला सुटा कागद फारसे काही सांगत नाही. समजा, शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थ्यांनी दिलेले एक निवेदन आहे. त्याच फायलीत उत्तराचा कच्चा मसुदा आहे, त्यात दोन ओळी खोडलेल्या आहेत, आणि मागे त्या आठवड्याच्या सभेचे इतिवृत्त आहे. हे तिन्ही एकत्र असतील तर निर्णय कसा झाला ते दिसते. कुणी नेटकेपणाच्या हौसेने सगळी निवेदने एका गठ्ठ्यात आणि सगळी इतिवृत्ते दुसऱ्यात बांधली, की संपले. ज्याचे दप्तर त्याचे वेगळे राहावे आणि त्याने लावलेला क्रम मोडू नये, हे तत्त्व तीन डच अभिलेखपालांनी 1898 मध्ये नियमपुस्तकात मांडले. आजही या कामाचा पाया तोच आहे. मात्र तो शिकावा लागतो. ग्रंथालयशास्त्राची पदवी असली म्हणजे तो आपोआप येतो असे नाही.

आता स्कॅनरचे पाहू. यंत्र फायलीला क्रमांक देते. पत्र कुणाचे, कुणाला, कोणत्या प्रकरणातले, हे माणसालाच लिहावे लागते. ते लिहिले नाही तर कपाटातला अंधार हार्ड डिस्कवर जातो, एवढेच. डिस्कही बिघडतात, फायलींचे प्रकार जुने होतात, म्हणून प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून अधूनमधून तपासाव्या लागतात. निधीची मुदत संपल्यावर हे कोण करणार?

मूळ कागद तर सांभाळायलाच हवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त कागद सर्रास वापरात आला. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हातात चुरते आणि पाचशे वर्षांपूर्वीचे पान शाबूत राहते. आम्लमुक्त खोकी, थंड आणि फार चढउतार नसलेली हवा, वाळवी-कसरीवर नजर, इतके मिळाले तरी पुष्कळ. कागद भिजला तर साधारण 48 तासांत बुरशी धरू लागते; लगेच वाळवता येत नसेल तर तो गोठवून ठेवतात. हे पाणी शिरल्यावर शोधत बसायचे ज्ञान नव्हे.

पण जपणूक कशासाठी? वापरासाठी. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे मूळ पत्रे ठेवा आणि विचारा: हे कुणी लिहिले, काय सांगायचे टाळले, कुणाचा आवाज यात नाही? पाठ्यपुस्तकावर शंका घ्यायला ती तिथे शिकतात. शिपाई, वसतिगृहातले स्वयंपाकी यांची नावे पगारपत्रकापलीकडे क्वचितच सापडतात, हेही मुलांच्या लक्षात येते. मग काही जण त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतात आणि संग्रहात नवी भर पडते. (मुलांना हाताळायला दिले तर कागद फाटतील, असे म्हणणाऱ्यांसाठी: पेनऐवजी पेन्सिल, एका वेळी एकच खोके, स्वच्छ कोरडे हात. पांढरे हातमोजे छायाचित्रांसाठी. कागदावर ते घातले तर बोटांना पानाची कड नीट कळत नाही.)

सगळेच उघडे करता येत नाही, हे मान्य. शिस्तभंगाच्या फायली, आजारपणाचे दाखले, गुणपत्रके यांत हयात माणसे असतात. काय किती वर्षे बंद ठेवायचे याचा लेखी नियम हवा. नियम नसला की ज्याच्याकडे किल्ली, तो ठरवतो.

सर्वांत मोठा धोका मात्र वाळवीचा नाही. तपासणीच्या आधी होणाऱ्या साफसफाईचा आहे. 'जुने, निरुपयोगी' असा शेरा मारून गठ्ठे रद्दीत जातात, आणि काय गेले याची नोंदही उरत नाही. अभिलेखपालाने पाहून सही केल्याशिवाय कागदपत्रांचे निर्लेखन करू नये, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकू नयेत, असा आदेश काढायला पैसाही लागत नाही. तो या वर्षीच काढावा.

आणि डिजिटायझेशनच्या अर्जात एक रकाना वाढवा: 'संग्रहाची वर्णनात्मक सूची तयार आहे काय?' ज्यांचे उत्तर 'नाही' असेल, त्यांना पहिल्या हप्त्यात सूची करणाऱ्या माणसाचा पगार द्या.

आपली विश्वासू,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल