मॅक्रो लेन्स घेताना आधी अंतर विचारा

माननीय संपादक,

तुमच्या रविवारच्या पानावर पावसाळी फोटोग्राफीवर छापून आलं त्यात मॅक्रोसाठी (म्हणजे किडे-फुलं अगदी जवळून मोठी टिपायला) ६० एमएमची छोटी लेन्स घ्या, स्वस्त पडते आणि हलकी असते असा सल्ला होता. तो वाचून माझ्या भाच्याचा लगेच फोन, मामा घेऊ काय? मी त्याला म्हटलं दोन दिवस थांब. का थांब म्हटलं ते इथेच लिहितो, म्हणजे त्यालाही वाचायला मिळेल आणि त्याच्यासारखे आणखी चारजण पैसे घालायला निघाले असतील त्यांनाही.

सल्ला अगदीच चुकीचा नाही हां. सड्यावरचे म्हणजे कातळाच्या पठारावरचे दवबिंदू, सीतेची आसवं ही इवली फुलं असलं काही टिपायचं असेल तर ६० भरपूर झाली, झाड कुठे पळून जात नाही (फक्त पालथं पडून फोटो काढताना पोटाखाली काय काय चिरडतंय ते बघा). पण आपल्याकडे पावसात कॅमेरा घेऊन रानात शिरणारा माणूस फुलपाखरं, चतुर, बेडूक यांच्याच मागे असतो आणि तिथे ६० दगा देते.

मी स्वतः पहिली ६०च घेतली होती. कुळागरात (आमच्याकडची पोफळीची बाग) पाटाच्या कडेला अळवाच्या पानावर टाचणी (चतुराचीच बारीक बहीण) बसलेली, मी गुडघ्यावर, एक एक इंच पुढे सरकतोय, पंखाच्या टोकावरचा तो काळा ठिपका फोकसमध्ये यायला लागला आणि तेवढ्यात लेन्सचीच सावली तिच्यावर पडली. गेली उडून. दोन पानं सोडून बसली, परत तेच. सकाळभर हाच खेळ, शेवटी घरी आलो तर कार्डावर नुसती अळवाची पानं, बायको म्हणाली आज फदफद्याचे फोटो काढलेत वाटतं.

मुद्दा काय तर मॅक्रो लेन्स किती मोठं दाखवते ते सगळे विचारतात, किती लांबून दाखवते ते कोणी विचारत नाही. खोक्यावर कमीत कमी फोकस अंतर लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, ते अंतर कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजतात (कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोल आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण असते, तिथून). त्यातून सेन्सरच्या पुढची कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा करा, मग जे उरतं ते तुमचं आणि किड्याचं खरं अंतर. कॅननच्या १०० एमएम मॅक्रोवर ३० सेंमी लिहिलंय, हातात उरतात जेमतेम १३-१४. त्यांच्याच जुन्या १८० एमएम एफ ३.५ वर ४८ लिहिलंय, तिथे उरतात २५ च्या आसपास. ६० ला दहासुद्धा धड नाहीत, आणि त्यात हूड (लेन्सपुढचं उजेड अडवणारं नळकांडं) लावला की आणखी कमी. मोठं दाखवायला तिन्ही सारख्याच, एकास एक, म्हणजे किडा जेवढा तेवढाच सेन्सरवर उमटतो.

लांब लेन्सचा दुसरा फायदा म्हणजे मागचं चित्र. १८० ला मागचा तुकडाच एवढासा दिसतो की अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की मागचं वाळकं पान, कोणाची तरी निळी प्लॅस्टिकची पिशवी, सोबत आलेल्याची चप्पल, सगळं फ्रेमच्या बाहेर. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी मी ते किलोभराहून जड धूड वाहून नेतो.

हो, धूडच आहे. कॅननची ती १८०, निकॉनची २०० एफ ४, सिग्माच्या १५० आणि १८०, सगळ्या जड आणि आता बहुतेक सेकंडहँडच मिळतात. कॅननच्या १८० ला हात हलला तर सावरणारं काही आत नाही, निकॉनच्या २०० ला स्वतःची मोटर नाही, त्यामुळे साध्या बॉडीवर ऑटोफोकस विसरा. शिवाय एकास एकला गेलात की दोन स्टॉप उजेड जातोच, म्हणजे पाव भागच उरतो, आणि चोर्ला घाटाच्या रानात जुलैत दुपारी चारला आधीच संध्याकाळ झालेली असते, तेव्हा ट्रायपॉड नाहीतर फ्लॅश, दोन्हीपैकी एक लागणारच. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर लावा नाहीतर ओल्या बेडकावर पांढरे डाग उठतात.

आणि एकास एकचा हट्ट कशाला? फुल फ्रेमवर (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर) लेन्सचं भोक एफ ११ इतकं बारीक ठेवून एकास एक काढलं तर फोकसमध्ये येतो सव्वा-दीड मिलिमीटरचा पट्टा, लेन्स ६० असो की १८०. डोळा शार्प, नाक धूसर. निम्म्या आकारावर या, तोच पट्टा चार मिलिमीटरच्या घरात जातो. निलवंत फुलपाखरू म्हणजे आपलं ब्लू मॉर्मन पंख पसरून १२-१५ सेंमी भरतं, ते ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर एकास एक बसणार तरी कसं?

म्हणून ज्याचं बजेट नाही त्याने आहे ती टेलीफोटोच वापरून बघावी. कॅननची नवी आरएफ १००-४०० मीटरच्या आतून फोकस करते आणि ०.४१ पट मोठं दाखवते, वजन साडेसहाशे ग्रॅमसुद्धा नाही. जुनी ७०-३०० असेल तर पुढे फिल्टरसारखी फिरवून बसवायची चांगली दोन काचांची क्लोजअप लेन्स मिळते ती लावा. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळी) मात्र लांब लेन्सला फार काही देत नाही, २५ मिलिमीटरची ट्यूब ५० एमएमला निम्मा आकार देते आणि २०० ला जेमतेम एक अष्टमांश. आणि झूमवर सोनेरी अक्षरात नुसतं मॅक्रो लिहिलंय म्हणून फसू नका, पुढे १:४ असेल तर ते आकाराच्या पाव भागावरच थांबतं.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. मलबारचा तो उडता बेडूक पाण्यावर लवलेल्या फांदीवर पानात फेसाचं घरटं करतो, अंडी फुटली की पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. गेल्या पावसात एका डबक्यापाशी पाचसहाजण, सगळ्यांकडे छोट्या लेन्स, कोणाचीच पोचत नव्हती म्हणून एकाने फांदीच ओढून काठावर आणली आणि फोटो झाल्यावर तिथेच अडकवून ठेवली. खाली पाणी कुठे होतं? चिखल आणि दगड. आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली. त्यातल्या एकाकडे जरी लांब लेन्स असती तर काठावरूनच काम झालं असतं. चापडा म्हणजे तो विषारी हिरवा साप, त्याच्या बाबतीत तर १८० चे २५ सेंमीसुद्धा कमीच, तिथे ३००-४०० लावून सरळ मागे उभं राहा.

सेकंडहँड घेताना एक काम करा, दोन्ही टोप्या काढून आरपार मोबाईलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. माझी एक चामड्याच्या केसमध्ये घालून जूनमध्ये कपाटात ठेवलेली, चवथीला बाहेर काढली तर आत पांढरे धागे. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, महिन्याला गरम करून परत घालायचं.

भाच्याला सांगितलंय, शनिवारी येऊन माझी १८० घेऊन जा, दोन तास कुळागरात फिर, मनगट काय म्हणतंय ते बघ, मग दुकानात जाऊ.

आपला,
एक वाचक, डिचोली