पाखरं न उडवल्याबद्दल

उजनी धरणाच्या काठच्या कुंभारगावच्या आमच्या होडीवाल्या दादांस,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायला फोन केला होता, पण तुम्ही मशीनच्या आवाजात ‘बरं, बरं, पोचला ना नीट?’ एवढंच विचारून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण कॅमेरे घेऊन तिकडे येणाऱ्या आमच्यासारख्या शहरी लोकांनीही ते वाचावं असं वाटतं. तुमचं नाव घालत नाही. ‘माझ्या एकट्याचं नाव नको, बाकीचे होडीवालेबी आमचेच हायेत,’ असं तुम्हीच बजावलंय.

आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळात वसंतातली सहल कुठे काढायची यावरून जानेवारीपासूनच वाद सुरू होतात. सिंहगडाच्या दरीवाले एकीकडे, पाणथळवाले दुसरीकडे. यंदा पाणथळवाल्यांनी बाजी मारली. आमच्यातल्या पुष्कळांना उजनी माहीत होती ती पक्षी सप्ताहामुळे. ५ नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबरला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा. त्या आठवड्यात सगळे उत्साहाने बाहेर पडतात. पण चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात धरण तुडुंब असतं, आणि रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, त्या खोल पाण्याचा काय उपयोग? त्यांना हवा असतो उथळ पाण्याखालचा गाळ. तो उघडा पडायला फाल्गुन यावा लागतो.

तारीख ठरवताना तुम्ही म्हणालात, ‘कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय ते बगतो, मग सांगतो.’ तेव्हा आम्हाला गंमत वाटली होती. पक्षी पाहायला येणाऱ्यांना पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक कशाला? होडीत बसल्यावर उलगडा झाला. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी धरणातून कालव्यात पाणी सोडलं, की काठचं पाणी मागे सरकतं, नवा गाळ मोकळा होतो आणि थवा त्या ओल्या कडेमागून हलत जातो. आधीच्या आठवड्यातल्या सगळ्यांच्या फोटोंत जी जागा होती, तिथे तुम्ही आम्हाला नेलंच नाहीत. तिथे आता गाळपेरीची नांगरट चालली होती. उजनी ‘मायनसमध्ये’ गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली गेलं, की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो आणि पेपरात रोज टक्केवारी छापून येते. ती टक्केवारी वाचून उद्या पाखरं कुठे उतरतील हे सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

आता मुख्य गोष्ट. आमच्यातल्या एकाने नवीकोरी मोठी लेन्स आणली होती. समोर रोहितांचा थवा, मागून कोवळं ऊन. तो म्हणाला, ‘दादा, जरा जवळ घ्या ना. उडाले की पंखांचा रंग मिळेल. वरचे पैसे देतो.’ इंजिन तुम्ही केव्हाच बंद केलं होतं. बांबू टेकत होडी सरकत होती. तुम्ही बांबू गाळात रोवलात, होडी तिथेच थांबवलीत आणि म्हणालात, ‘माना बगा.’

आम्ही दुर्बिणी लावल्या. मधले पक्षी चोच उलटी बुडवून, पायांनी चिखल तुडवत खात होते. कडेच्या दहा-बारा पक्ष्यांच्या माना मात्र ताठ, सगळ्या एकाच दिशेला. ‘माना वर झाल्या म्हंजे खाणं सुटलं. आता आपण पुढं सरकलो की चालाय लागतील, मग पळतील, मग उठतील. थांबलो तर परत खातील.’ आम्ही थांबलो. होडीतली पोरंसुद्धा गप्प. एकेक मान खाली गेली, आणि मग जे पाहायला मिळालं ते आमच्यातल्या जुन्या लोकांनीही इतक्या निवांत कधी पाहिलं नव्हतं. राखाडी अंगाची, अजून गुलाबी न झालेली तरुण पाखरं मोठ्यांच्या आडून पुढे आली. शेकाटे पायात पाय घालत मधून फिरत होते. पलीकडे चक्रवाकाची जोडी होती.

रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावरून धावत जाऊन मग अंग उचलावं लागतं, आणि त्यात बरीच ताकद जाते. शिवाय हे दिवस निघायचे. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायच्या बेतात असतात, त्यासाठी अंगात चरबी साठवत असतात. फोटोसाठी त्यांना दिवसातून पाच वेळा उठवणं म्हणजे वारीला निघालेल्या माणसाच्या शिदोरीत हात घालणं. हे मी मंडळाच्या व्याख्यानांत कितीदा सांगितलंय. तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत आणि ते पोरांच्या डोक्यात बसलं. परतीच्या बसमध्ये दुसरीतली एक मुलगी प्रत्येक बगळ्याकडे बोट दाखवून ‘मान वर, मान खाली’ करत होती.

आम्ही तिथे असे थांबलेलो असतानाच लांबून दुसरी एक होडी थेट थव्यात घुसली. सगळे पक्षी उठले, होडीत टाळ्या पडल्या. दृश्य सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, थवा कुठे उतरतो तेवढं पाहून ठेवलंत. आमचा लेन्सवाला मात्र दुपारपर्यंत फुगून बसला होता. उडवणाऱ्याला बक्षिसी जास्त मिळते हे मला ठाऊक आहे. म्हणजे नाही म्हणताना दर वेळी तुमच्याच खिशाला चाट बसते. म्हणून मंडळाने ठरवलंय की यापुढे आमच्या गटांची बक्षिसी निघण्याआधीच ठरलेली असेल आणि ती थवा न उडवण्याची असेल. वार्षिक प्रदर्शनातही होडी घालून उठवलेल्या थव्याचा फोटो लावायचा नाही, हेही बैठकीत मंजूर झालं. वाद झाला, पण झालं.

बेटाचंही असंच. पाणी उतरल्यावर वर आलेल्या त्या उंचवट्यावर उतरून ग्रुप फोटो काढायची आमची फार इच्छा होती. तुम्ही लांबूनच जमीन दाखवलीत. आम्हाला दिसले नुसते खडे. नदी सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला तेव्हा कळलं, त्या खड्यांत त्याची अंडी आहेत. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा. एक पक्षी पाण्यावर जाऊन पोट भिजवून आला आणि ओल्या पोटानेच अंड्यांवर बसला. मार्चच्या उन्हात अंडी गार ठेवायची त्याची ती रीत. आम्ही तिथे हसत-खिदळत अर्धा तास उभे राहिलो असतो तर अंडी उन्हात पडली असती, आणि पायाखाली गेली असती ती वेगळीच. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला लागतं आणि कुत्री चालत येतात, हे तुम्ही सांगितलंत. त्यावर काय करता येईल ते वन विभागाशी बोलून पाहायचं आमच्या मनात आहे. तुम्ही सोबत आलात तर बोलण्याला वजन येईल.

पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात कुठल्या बाजूला आहे ते तुम्ही हात करून दाखवलंत, आणि त्याच दमात आजोबांचं शेतही. १९८०मध्ये धरण पुरं झालं, शेती गेली, मग जाळं आलं, मग ही होडी. तुम्ही ते अगदी सहज सांगितलंत. मी तिथे काही विचारलं नाही; पुढच्या वेळी तुमच्या वडिलांकडे बसून सगळं ऐकायचं आहे.

वहिनींना वेगळा नमस्कार. चिलापी हा परदेशी मासा, भीमेच्या मूळच्या माशांना तो भारी पडला, असं मी भाषणांत सांगत असते. त्या दिवशी तीन तुकडे खाल्ले. न खाणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी केली होती, तीही खाणाऱ्यांनीच संपवली.

तुमच्या सांगण्यावरून पुढे इंदापूरला गेलो. तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची घरटी, खाली लोकांच्या मोटरसायकली आणि त्यांवर पडणारा पांढरा सडा. आमच्या बसचं टपही सुटलं नाही.

फोटो छापून टपालाने पाठवले आहेत, त्यात तुमचा बांबू धरलेलाही आहे. थोरल्या मुलासाठी मंडळाची जुनी दुर्बीण साफ करून घेतली आहे. पुढच्या महिन्यात कुणी तिकडे आलं की पोचती करेल. डिसेंबरात शाळेच्या पोरांना घेऊन यायचं आहे. शनिवार नको, गर्दी असते. मधला वार बघून कळवा, आणि तेव्हा वहिनींना रश्शात तिखट जरा बेतानं घालायला सांगा.

आपली,
मंडळाची सहल-प्रमुख, आणि होडीतले सगळे (लेन्सवालाही)