अण्णा, काल आई गाडीत बसली

अण्णा,

काल आई बाबांच्या दोन सीटच्या गाडीतून तुळजापूरला जाऊन आली. जाऊन-येऊन 90 किलोमीटर, आणि दारात उतरताना कमरेला हात लावला नाही. अक्कलकोट रोडला तुमच्या गॅरेजवर येऊन हे सांगणार होतो, पण समोर आलो की मला बोलायला जमणार नाही. म्हणून लिहितोय. मुलाकडून वाचून घ्या.

ही बीएमडब्ल्यूची झेड फोर बाबांनी फार हौसेनं जुनी घेतली होती. ते गेल्यावर मी ती पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात नेली. गाडी खाली बसलेली दिसावी, एवढंच डोक्यात. त्यांनी बिल लावलं नव्या स्प्रिंगांचं, आणि मूळच्याच स्प्रिंगा ग्राइंडरनं कापून बसवल्या. शॉकअप जुनेच. दोन महिन्यांत टायर आतल्या बाजूनं खाल्ले, स्पीडब्रेकर आला की पोट घासायचं. आई एकदा बसली, पुन्हा बसलीच नाही. फोन केला तर म्हणे, स्पोर्ट्स गाडी कडकच असते. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी टेप घेतला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची मापं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली. मला गाडी 40 मिलिमीटर खाली हवी होती, तुम्ही 25 वर अडून बसलात. "जितकी खाली, तितकी शॉकअपला जागा कमी. जागा संपली की रबरावर आदळणार, आणि तो दणका थेट कमरेत." आखूड स्प्रिंग कडक असते, उसळली की जुन्या शॉकअपला आवरत नाही, हेही तेव्हाच कळलं. बिलस्टाइन कंपनीचे बी सिक्स शॉकअप मूळ उंचीच्या गाडीला, खाली केलेल्या गाडीला आखूड बी एट. गप्प बसून मला हवं ते बसवलं असतं तरी मी पैसे देऊन खुशीत गेलो असतो.

मग तुम्ही विचारलं, "शेजारी कोण बसतं?" आई बसायची, म्हटलं. "त्यांना घेऊन या."

आई आली. बाकावरची चादर झटकून, चार घड्या घालून तुम्ही तिच्या सीटवर टाकलीत. गाडी चारही चाकांवर, आई आत, आणि तुम्ही गाडीखालच्या खड्ड्यात उतरून चाकं धरणाऱ्या आर्मचे शेवटचे बोल्ट आवळताय. चाकं लोंबकळत असताना आवळले की आर्मच्या सांध्यातला रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो म्हणालात. नंतर तिला घेऊन होटगी रोडला चक्कर मारून आलात. मी दारात उभा. काच खाली झाली, तर तुम्ही तिलाच विचारत होतात, "माऊली, कुठं लागलं का? खरं सांगा."

गाडी माझी, पैसे माझे, पण दुखणं तिचं होतं. डॉक्टरसुद्धा तिच्या कमरेचं मला विचारतात हो. ज्याचं दुखतं त्याच्याकडे वळून बघणारी माणसं आहेत, आणि ती काळ्या हातांनी काम करत आपल्या गावातच आहेत, याचा मला फार आधार वाटला.

"मागून जरा बसतंय," आई म्हणाली. तुम्ही मागच्या टायरची हवा बघितली, कुणीतरी जादा भरून ठेवली होती. ती काढून तिला पुन्हा फिरवून आणलंत. त्या दुसऱ्या चकरेनंतर ती हसली. बाबा गेल्यापासून त्या गाडीत पहिल्यांदा.

तिनं शेंगाचटणी कुटून ठेवलीय, सोबत कडक भाकरी. तुमची चादर धुऊन वाळवलीय. रविवारी सगळं घेऊन येतो, आई पण येतेय.

तुमचाच,
झेड फोरवाला