भाव शेवटी घालायचा नसतो

संपादक महोदय,

प्रौढ वयात वाद्य शिकायला घेतलेल्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. आमच्यासारख्यांची कुणी दखल घेतली याचं समाधान वाटलं, पण त्यातला मुख्य सल्ला मला अजिबात पटला नाही. लेखक म्हणतात, आधी स्वर पक्के करा, मग लय, भाव सगळ्यात शेवटी; आणि वाजवणं बिनचूक होईपर्यंत रेकॉर्डिंगच्या फंदात पडू नका. मी नोकरी सांभाळून पियानो शिकते. माझा अनुभव असा, की या क्रमाने जाणारा हौशी वादक कष्ट भरपूर करतो आणि तरीही संगीतापर्यंत पोचत नाही.

सध्या मी पोलिश संगीतकार शोपँचा ई मायनर या स्वरश्रेणीतला प्रेल्यूड (पियानोसाठीचा छोटा, स्वतंत्र तुकडा) बसवते आहे, ओपस 28, म्हणजे त्याच्या 28 व्या क्रमांकाच्या रचनेतला, चौथा. चोवीस प्रेल्यूड्सचा हा संच 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक मेजर आणि मायनर स्वरश्रेणीला एक, अशी त्याची रचना. चौथा प्रेल्यूड अवघ्या पंचवीस बारचा (बार म्हणजे नोटेशनमधला मात्रांचा एक ठरावीक गट), दोन-सव्वादोन मिनिटांत संपणारा. कागदावर तो इतका सोपा दिसतो की शिक्षक तो विद्यार्थ्यांना बऱ्याच लवकर देतात. उजव्या हाताला सुरुवातीला बी आणि सी या शेजारच्या दोन स्वरांपलीकडे फारसं काही नाही. डावा हात तीन स्वरांचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, सारख्या लयीत ठोकत राहतो, एका बारमध्ये आठ. वेग नाही, लांब उड्या नाहीत. लेखातला क्रम लावला तर हा तुकडा फार लवकर 'पक्का' होतो. आणि पक्का झाल्यावर ऐकलात तर त्यात काहीही नसतं.

कारण या तुकड्याचा सगळा जीव डाव्या हातात आहे. पहिला कॉर्ड जी-बी-ई. मग त्यातला एखादा स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतो, थोड्या वेळाने दुसरा सरकतो, बाकीचे जागेवरच राहतात. उजव्या हातातला लांब बी तोच असतो, पण खालची जमीन सरकल्यामुळे दर वेळी त्याचा अर्थ बदलतो. हे सरकणं ऐकू आलं नाही तर ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक पडते. आता बोटांकडे बघा. डाव्या हाताचा अंगठा कॉर्डच्या सर्वांत वरच्या स्वरावर येतो आणि अंगठा हे हाताचं जड बोट. ते आपसूकच जोरात पडतं, तर सरकणारा स्वर बरेचदा करंगळीकडे किंवा मधल्या बोटाकडे असतो. म्हणजे अंगठा आवरायचा आणि दुबळ्या बोटाला बोलतं करायचं. हे पहिल्या दिवसापासून हाताला शिकवावं लागतं. सगळी बोटं सारख्या जोराने मारायची सवय एकदा मुरली की ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो. मग याला भाव म्हणायचं की स्वर पक्के करणं? मला तरी ही दोन वेगळी कामं दिसत नाहीत. शोपँने स्वतः 'एस्प्रेसिव्हो', म्हणजे भावपूर्ण, ही सूचना अगदी सुरुवातीलाच लिहिली आहे.

उजव्या हाताची अडचण निराळी. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्यानंतर पट्टी कितीही घट्ट दाबून धरली तरी स्वर वाढत नाही, तो विरतच जातो. गायक लांब स्वर फुलवतो तसं इथे करता येत नाही. शोपँच्या अंत्यसंस्कारात, 30 ऑक्टोबर 1849 रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, हाच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला होता. ऑर्गनवर पट्टी दाबून ठेवली की स्वर जसाच्या तसा टिकतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. पियानोवर तीन मात्रांचा बी संपेपर्यंत बराच विरलेला असतो, आणि पुढचा सी त्या विरलेल्या आवाजाला जुळेल इतक्याच हलक्या हाताने यावा लागतो. सुरुवातीच्या बीच्या जोराने तो आला, तर सुरावट तुटून सुटे सुटे ठोके ऐकू येतात. शिवाय मधल्या काळात डाव्या हाताचे कॉर्ड त्या विरणाऱ्या स्वरावर चढून बसता कामा नयेत.

रेकॉर्डिंग हवं ते यासाठी. वाजवताना आपल्या कानात आपला हेतू वाजत असतो. सी हलका यावा असं मनात असतं, म्हणून तो हलका आल्यासारखा वाटतो. हात, पेडल, नोटेशन यांत अडकलेलं लक्ष बाहेर उमटणाऱ्या आवाजापर्यंत पोचतच नाही. नंतर हेडफोन लावून ऐकलं की हेतू बाजूला होतो आणि नुसता आवाज उरतो. शेवटच्या तीन कॉर्डांच्या आधी एक विराम आहे, त्यावर थांबण्याची खूण आहे. वाजवताना तो लांबलचक वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये मात्र घाईत उरकल्यासारखा ऐकू येतो. सोळाव्या-सतराव्या बारच्या आसपास 'स्ट्रेट्टो' (लय वाढवा) लिहिलं आहे, तिथे आवाज फोर्टेवर, म्हणजे मोठ्यावर, जातो आणि लय पुढे झेपावते. ती झेप ठसायची तर त्याआधीची लय संथ आणि ठाम हवी. ती कुठे ढळू लागते हे स्वतःच्या वाजवण्याची धुंदी ओसरल्यावरच कळतं. डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने मोकळं व्हावं, असं शोपँ सांगत असे, हे त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलं आहे. डावा हात खरोखर सांभाळतो आहे का, हे तपासायचं तर फक्त डाव्या हाताचं रेकॉर्डिंग करावं. माझ्या बाई हेच करायला लावतात आणि मी ते तुकडा हातात आल्याबरोबर सुरू करते, तयार झाल्यावर नव्हे.

लेखात रेकॉर्डिंगविषयी एकच ओळ होती, 'मोबाइल पुरेसा आहे.' पुरेसा आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी होती. मोबाइलमधली पुष्कळ ॲप्स आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात. पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू वाजवलेलं, उचलून मोठं होतं आणि फोर्टे दाबलं जातं. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला ते सोयीचं, पण अशा तुकड्याचा त्याने पार चुराडा होतो. शिकणारा ते ऐकतो आणि आपल्या वाजवण्यात चढउतार नाहीत असं समजून खचतो. ही सोय बंद करता येणारं ॲप घ्यावं, पातळी हाताने ठरवावी, आणि ती ठरवताना सर्वांत मोठा भाग वाजवून बघावा. मोबाइल पियानोच्या अगदी अंगाला लावून ठेवू नये, हातोड्यांची खटखट तेवढी येते. डिजिटल पियानो असेल तर आणखी एक उपयोग होतो. मिडी रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे आवाजाऐवजी दाबलेल्या पट्ट्यांच्या नोंदीत, प्रत्येक स्वराचा जोर 1 ते 127 अशा आकड्यात दिसतो. अंगठा खरंच आवरला गेला की नाही, यावर मग वाद राहत नाही.

उरला बिनचूकपणा. चांगले चांगले भाग कापून जोडण्याचा सल्ला हल्ली हौशी मंडळींनाही दिला जातो. कॅनडाचा पियानिस्ट ग्लेन गूल्ड याने 1964 मध्ये जाहीर मैफली सोडल्या आणि स्टुडिओतल्या कापाकापीचा उघडपणे पुरस्कार केला, हे मला माहीत आहे, आणि त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याला काय वाजवायचं ते आधीच येत होतं, आम्ही ते अजून शोधतो आहोत. या प्रेल्यूडची पहिल्या बारपासून शेवटच्यापर्यंत एकच उतरण आहे, आणि ती पेलायला शिकणं हाच अभ्यास. जोड दिला की नेमका तोच भाग शिकायचा राहून जातो. आणि चुकलेल्या स्वरांचं म्हणाल, तर फ्रेंच पियानिस्ट आल्फ्रेद कोर्तोने केलेल्या शोपँच्या रेकॉर्डिंग्जमध्ये ते स्पष्ट ऐकू येतात. तरीही पियानिस्ट आजही ती शोधून ऐकतात. एखादा स्वर निसटला म्हणून पूर्ण वाजवलेलं रेकॉर्डिंग पुसून टाकणाऱ्या ओळखीच्या मंडळींना मी कळकळीने सांगते, ते ठेवा, तारीख घालून ठेवा, काही महिन्यांनी परत ऐका.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या लेखात हा क्रम बदलावा आणि रेकॉर्डिंग कधी, कसं आणि कशासाठी करायचं यावर सविस्तर लिहावं. शक्य झालं तर पुरवणीत हौशी वादकांसाठी थोडी जागा ठेवावी. एकाने एकच तुकडा घ्यावा आणि तो बसवताना कोणत्या बारमध्ये काय अडलं, कसं सुटलं, एवढंच लिहावं. त्यासाठी पहिला मजकूर मी द्यायला तयार आहे.

आपली,
पियानो शिकणारी एक वाचक